सुट्टीनंतरची पहिली बैठक: दूरशिक्षणाच्या काळात शाळेतल्या सगळ्यांपर्यंत ताजी माहिती कशी पोहोचवावी

नेहमीच्या दसऱ्याच्या सुट्टीनंतर हेडमास्तरांना फारसं काही सांगावं लागत नाही. घंटा होते, मुलं वर्गात शिरतात, शाळा आपोआप रुळावर येते. सुट्टीत आलेलं एखादं सर्क्युलर मधल्या वेळेत चहाबरोबर वाचून होतं.

२०२० साली तसं झालं नाही. कोविडमुळे शाळा बंद होत्या, आणि ऑगस्टपासून कर्नाटक सरकारची विद्यागम ही मुलांना त्यांच्याच वस्तीत शिकवण्याची योजना सुरू होती. देवळाच्या मंडपात, समाजमंदिरात, कुणाच्या तरी पडवीत गल्लीतले वर्ग भरत होते. १० ऑक्टोबरला ती योजना थांबवली गेली आणि लगेच १२ ते ३० ऑक्टोबर अशी मध्यंतराची सुट्टी जाहीर झाली. सुट्टीला जाताना जी शाळा गल्लीत होती ती परत येईपर्यंत नाहीशी झालेली. शिक्षक हजर आणि मुलं घरी. काय चालू, काय बंद, हे ज्याला त्याला वेगळं ठाऊक. अशा वेळी पहिल्या दिवसाची बैठक हीच शाळा असते, आणि ती बिघडली की पुढचे पंधरा दिवस एकमेकांना फोन करून खुलासे करण्यात जातात.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी आहे. त्यातही पहिली ते सातवीच्या, चार-पाच शिक्षकांच्या शाळा माझ्या डोळ्यासमोर आहेत. महामारी मागे पडली तरी पद्धत उपयोगाची राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वेक्षणाच्या कामासाठी दसऱ्याची सुट्टी १८ तारखेपर्यंत लांबली. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात तर पावसाळ्यात सलग रजा पडणं नवीन नाही.

आधी कागद जमवा

बैठकीच्या तीन-चार दिवस आधी, सुट्टीत आलेलं सगळं एका जागी आणा: बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कार्यालयाचे आदेश, सीआरपींनी (आसपासच्या शाळांचा गट सांभाळणाऱ्यांनी) ग्रुपवर टाकलेल्या सूचना, अक्षर दासोहचे (माध्यान्ह जेवण योजनेचे) कागद, ग्रामपंचायतीचं पत्र. बहुतेक गोष्टी फोनमध्ये पीडीएफ होऊन पडलेल्या असतात. त्यांची छापील प्रत काढा, निदान ज्यांच्यावर क्रमांक आणि तारीख आहे त्यांची तरी. मग तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा कागद वर. नव्या आदेशाने जुना रद्द झाला असेल तर जुन्यावर आडवी रेघ मारून बाजूला नव्याचा क्रमांक लिहा. जुना फाडू मात्र नका. तपासणीला आलेला अधिकारी नेमका तोच मागतो.

ज्याच्यावर क्रमांक नाही, तारीख नाही, सही नाही, तो कागद वेगळ्या ढिगात टाका. त्याचं पुढे बघू.

आता सीमाभागाची खास अडचण. आपल्याकडे दोन राज्यांच्या बातम्या एकाच घरात येतात. शिक्षकाची बहीण गडहिंग्लजला जिल्हा परिषदेच्या शाळेत, मेव्हणा चंदगडला, टीव्हीवर दिवसभर मराठी वाहिन्या. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करायचं ठरलं. कर्नाटकात दहावी-बारावीचे वर्ग आणि सहावी ते नववीची विद्यागम १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली, तर सहावी ते आठवीचे नियमित वर्ग २२ फेब्रुवारीपासून. म्हणजे जानेवारीच्या शेवटी तिकडची पाचवी वर्गात आणि इकडची पाचवी घरात. पालक विचारणारच, “तिकडं चालू झाली की शाळा, मग हितं का नाही?” आणि शिक्षकांचाही गोंधळ होतो, कारण बातमी खरीच असते, फक्त आपली नसते.

म्हणून कागद लावताना ग्रुपवर फिरणाऱ्या प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारायचा: हे कुठल्या सरकारचं? पेपरात छापून आलेली बातमीसुद्धा आदेश नव्हे. बीईओ कार्यालयातून कागद हाती येईपर्यंत ती बातमीच.

एका कागदावर तीन रकाने

सगळे कागद वाचून झाले की एक कोरा फुलस्केप घ्या आणि तीन रकाने आखा: ‘बदललं’, ‘तसंच आहे’, ‘अजून ठरलेलं नाही’. या संपूर्ण पद्धतीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा कागद. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करा.

उदाहरण म्हणून डिसेंबर २०२० चा शेवट घेऊ. ग्रामपंचायत निवडणुकीचं मतदान २२ आणि २७ डिसेंबरला, मोजणी ३० ला. शिक्षक त्या धावपळीत. दोन दिवसांनी, १ जानेवारीला, विद्यागम नव्या स्वरूपात सुरू. त्या वेळचा कागद साधारण असा झाला असता:

बदललं: १ जानेवारीपासून सहावी-सातवीची मुलं विद्यागमसाठी शाळेच्या आवारात येतील. पालकांचं लेखी संमतिपत्र लागेल.

तसंच आहे: पहिली ते पाचवी घरीच. माध्यान्ह जेवण शिजवायचं नाही, धान्य घरी द्यायचं. मास्क, अंतर, हात धुणं.

अजून ठरलेलं नाही: पाचवीपर्यंतचे वर्ग कधी. वार्षिक परीक्षा कशी.

मुख्याध्यापकांना तिसरा रकाना लिहायचा संकोच वाटतो. वरिष्ठांनी ठरवलेलं नाही हे आपण कागदावर कसं मांडायचं, असा विचार येतो. पण तो रकाना रिकामा ठेवला की शिक्षक आपापल्या अंदाजाने तो भरतात, आणि एकाच शाळेतले दोन शिक्षक दोन पालकांना दोन तारखा सांगतात. ‘ठरलेलं नाही’ हे स्पष्ट सांगितलं की निदान उत्तर तरी सगळ्यांचं एक होतं.

आदेश कन्नडमध्ये असतात. चार-पाच शिक्षकांपैकी दोघांना सरकारी कन्नड सहज वाचता येतं, बाकीचे अंदाजाने वाचतात आणि कळल्यासारखी मान हलवतात. शब्दशः भाषांतर करत बसू नका, वेळ फुकट जातो. कन्नड शिकवणाऱ्या शिक्षकांना सोबत घ्या आणि प्रत्येक आदेशाचा दोन-तीन ओळींत मराठी सारांश लिहा: कुणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत. शेजारी आदेशाचा क्रमांक व तारीख, आणि मूळ कन्नड प्रत मागे जोडलेली. आकडे, तारखा आणि इयत्ता दुसऱ्या शिक्षकाकडून एकदा तपासून घ्या. ‘पाचवी ते आठवी’ आणि ‘सहावी ते आठवी’ यांतल्या फरकावर संमतिपत्रांचा अख्खा गठ्ठा अवलंबून असतो.

बैठकीआधी प्रत्येकाला एक फोन

कागद तयार झाला की फोन घ्या. ग्रुपवर “सर्वांनी सोमवारी दहाला हजर राहावे” एवढं टाकून भागत नाही. त्या काळात सुट्टी म्हणजे विश्रांती असं समीकरण उरलं नव्हतं. कुणाला कोविड होऊन गेलेला, कुणाच्या घरात माणूस गेलेलं, कुणी सर्वेक्षणाच्या किंवा चेकपोस्टच्या ड्यूटीवर. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर काय परिस्थिती होती ते त्या भागातल्या कुणालाही विचारा. २०२१ च्या फेब्रुवारीनंतर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागू लागला. सुट्टीला कोल्हापूरकडे सासरी गेलेल्या बाईंना परत येताना तो खर्च आणि तो ताण.

फोनवर पाच गोष्टी विचारायच्या. तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत. सध्या कुठे आहात, येताना नाका लागतो का. दुसरी कुठली ड्यूटी लागली आहे का, किती दिवसांची. फोन, रिचार्ज, नेटवर्क ठीक आहे का. आणि शेवटी: वर्गातल्या मुलांपैकी सुट्टीत कुणाशी बोलणं झालं का.

पहिल्या प्रश्नावर थांबा. समोरचा माणूस बोलू लागला तर बोलू द्या, मध्येच अक्षर दासोहचा हिशेब काढू नका. ज्याच्या घरी दुःख झालं आहे त्याच्याकडे, जवळ राहत असाल तर, फोनऐवजी जाऊन यावं. आपल्याकडची रीतही तीच आहे. आणि फोनवर कळलेलं आजारपण ग्रुपवर जाहीर करायचं नाही. “पाटील सर पॉझिटिव्ह, काळजी घ्या” असा मेसेज टाकणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्या सरांच्या घरी दूधवाला यायचा बंद होतो. कुणाला काय सांगायचं ते त्यांनाच विचारा.

मधुमेह, दमा, वय जास्त, घरात आजारी म्हातारं माणूस, अशा शिक्षकांची टिपणी स्वतःच्या वहीत ठेवा. घरोघर जाण्याचं काम वाटताना तिचा उपयोग होतो, आणि त्यांना सगळ्यांसमोर “मला नको” म्हणावं लागत नाही.

मुलांची यादी नव्याने

विद्यागममध्ये मुलांचे तीन गट पाडले होते: ज्यांच्याकडे काहीच साधन नाही, ज्यांच्याकडे साधा मोबाइल आहे, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट असलेला स्मार्टफोन किंवा संगणक आहे. वीस-पंचवीस मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक. ही विभागणी चांगली होती, मात्र ती ऑगस्टची होती. अशी यादी दुधासारखी असते, ठेवली की नासते. नोव्हेंबरपर्यंत रिचार्ज संपलेला, नंबर बदललेला, फोन घेऊन वडील गोव्याला कामावर गेलेले. वडगाव-शहापूरच्या विणकर घरांत माग बंद पडल्यावर कित्येकांनी पहिली काटकसर डेटा पॅकमध्ये केली. ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर गेलेलं मूल तर कुठल्याच गटात बसत नाही.

म्हणून बैठकीला येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलांची यादी ताजी करून आणायची, हे फोनवरच सांगा. नवा फॉर्म छापायची गरज नाही. वहीत सहा रकाने पुरेत: मुलाचं नाव, चालू नंबर, फोन कुणाचा, घरी किती वाजता असतो, सध्या गट कुठला, शेवटचं बोलणं कधी. यातला चौथा रकाना लोक गाळतात आणि नेमका तोच कामाचा. उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात जाणाऱ्या बापाचा फोन संध्याकाळी सातनंतरच घरी येतो. सकाळी अकराचा ऑनलाइन तास त्या मुलासाठी नसल्यातच जमा. हे एकदा कळलं की वेळापत्रकावर वाद घालायची गरज राहत नाही.

नंबर लागत नसलेल्या मुलांची नावं वेगळी काढा. त्यातली निम्मीअधिक गल्लीतल्या दुसऱ्या मुलांना विचारून सापडतात. किराणा दुकानदार, अंगणवाडीच्या बाई, आशाताई आणि एसडीएमसीचे (पालकांच्या शाळा समितीचे) सदस्य यांना विचारल्यावर आणखी काही. जी उरतात त्यांच्या घरी जायचं, आणि कोण जाणार ते बैठकीत ठरवायचं.

कणकुंबी, जांबोटी या बाजूच्या वाड्यांत नेटवर्क हा प्रश्न पैशाचा नव्हताच. फोन होता, रिचार्ज होता, आणि रेंज मिळायची ती टेकडीवरच्या एका ठिकाणी. तिथल्या शाळांनी गटविभागणी घरातल्या फोनवरून न करता वाडीत रेंज आहे की नाही यावरून करावी. कागदावर तिसऱ्या गटात दिसणारं मूल प्रत्यक्षात पहिल्या गटातलं असतं.

बैठक: काय आधी, काय नंतर

जागा उघडी असावी, व्हरांडा किंवा झाडाखाली. खुर्च्या लांब लांब. सॅनिटायझर आणि ताप मोजायचं यंत्र दाराशी. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे.

वेळ तासाभराची, फार तर सव्वा तास. त्यापुढे माणसं ऐकत नाहीत, नुसती बसलेली असतात.

सुरुवात स्वयंपाकाच्या मावशींपासून करा. त्यांना शेवटपर्यंत बसवून ठेवायची पद्धत अनेक शाळांत आहे. शिक्षकांचं सगळं झालं की “आणि मावशी, तुमचं असं आहे...” म्हणत दोन वाक्यांत उरकतात. त्यांच्या वाट्याचं पहिलं सांगा आणि त्यांना मोकळं करा. त्यांना काय हवं असतं? आता जेवण शिजणार की नाही, धान्यवाटप कधी, त्यांनी कुठल्या दिवशी यायचं, मानधनाचं काय. वाटपाचं माप त्यांच्यासमोर फळ्यावर मांडा. पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. म्हणजे २० शाळेच्या दिवसांचं वाटप असेल तर धाकट्यांना २ किलो, मोठ्यांना ३ किलो. हा हिशेब मावशींना पाठ असला की वाटपाच्या दिवशी रांगेत भांडण होत नाही, कारण पालक आधी त्यांनाच विचारतात.

मग तीन रकान्यांचा कागद. प्रत्येकाला प्रत द्या आणि दोन मिनिटं शांतपणे वाचू द्या. मोठ्याने वाचून दाखवू नका. सर्क्युलर वाचून दाखवणं हा बैठकीत वेळ घालवण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे. वाचून झालं की प्रत्येकाला विचारा: “यातलं तुमच्या वर्गाला काय लागू होतं?” सातवीचे सर म्हणतील संमतिपत्र, पहिलीच्या बाई म्हणतील मला काहीच बदललेलं नाही. ज्याचं उत्तर चुकेल त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. “सगळ्यांना समजलं का?” या प्रश्नाला आजवर कुणी “नाही” म्हटलेलं ऐकिवात नाही.

बिनक्रमांकाचा ढीग आता काढा. ग्रुपवर फिरलेल्या गोष्टी एकेक घेऊन सांगा, ही खरी, ही महाराष्ट्रातली, ही कुणाचीच नाही. पाच मिनिटं लागतात. शिक्षकांच्या मनात असलेले पण विचारायला लाजलेले निम्मे प्रश्न इथे संपतात.

यानंतर मुलांच्या याद्या. प्रत्येक शिक्षकाने फक्त दोन आकडे आणि नावं सांगायची: किती मुलांशी संपर्क आहे, किती नाही, आणि जी नाहीत ती कोण. भावंडं वेगवेगळ्या वर्गांत असतात, म्हणून हे सगळ्यांसमोर व्हावं. तिसरीच्या बाईंना न सापडलेल्या मुलीचा भाऊ सहावीत असतो आणि सहावीच्या सरांकडे त्याचा नंबर असतो. पन्नास मेसेज टाकून जे होत नाही ते इथे मिनिटात होतं.

शेवटी कामवाटप. कुणाच्या नावापुढे काय आणि कोणत्या दिवसापर्यंत, ते तिथेच त्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहा. गैरहजर असलेल्यांना स्पीकरवर घ्या, पण नेटवर्क तुटत असेल तर हट्ट करू नका. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, खाली सांगतो.

शिकवण्याचं काय? इथे वेळ द्या

आदेशांवर बोलणं सोपं असतं. शिकवणं कुठवर आलं यावर बोलणं अवघड, कारण दूरशिक्षणात किती शिकवलं आणि किती पोचलं यातलं अंतर कुणालाच नीट ठाऊक नसतं. सुट्टीनंतर तर ते आणखी वाढतं.

नली-कलीचे, म्हणजे कृतीतून आपापल्या गतीने शिकण्याचे वर्ग आधी घ्या. पहिली ते तिसरीत प्रत्येक मूल अभ्यासाच्या टप्प्यांच्या शिडीवर आपापल्या पायरीवर असतं. तीच त्या पद्धतीची ताकद. वर्ग भरत असताना भिंतीवरच्या प्रगती तक्त्यावर एका नजरेत सगळं कळतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर तो तक्ता तिथेच गोठला. काही बाईंनी त्याचा फोटो काढून ठेवला होता, पुढे त्याच फोटोचा आधार झाला. सुट्टीनंतर शिडी जिथे सोडली तिथून पुढे न्यायची नाही. प्रत्येक मुलाला दोन पायऱ्या मागे आणून तपासा. फोनवर पाच मिनिटं पुरतात: चार शब्द वाच, वीसपर्यंत उलटे अंक म्हण, हे वाक्य पाटीवर लिहून फोटो पाठव. फोटोची सोय नसेल तर आईला ऐकायला बसवा.

चौथी ते सातवीला प्रत्येक विषयात पुढच्या दोन आठवड्यांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्या बैठकीतच ठरवा. ‘सोडायचं’ हा शब्द शिक्षकांना बोचतो. तरी भागाकार आणि अपूर्णांक पक्के नसलेल्या सहावीच्या मुलाला फोनवरून पुढचं गणित शिकवणं म्हणजे दोघांचाही छळ. माझं मत विचाराल तर भाषावाचन आणि मूलभूत गणित सोडून बाकी सगळं त्या काळात दुय्यम धरायला हवं होतं. वरूनही शेवटी २०२२-२३ मध्ये कलिका चेतरिके ही अध्ययन भरपाईची योजना आलीच.

टीव्हीवरच्या धड्यांचा प्रश्न आपल्या भागात वेगळा आहे आणि बैठकीत तो उघडपणे बोलावा. चंदना वाहिनीवरचे धडे आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमाचे, पण कन्नडमध्ये. सह्याद्री वाहिनीवरचे धडे मराठीत, पण महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवरचे. आपल्या मुलांच्या हातात कर्नाटकच्या पाठ्यपुस्तक संघाची मराठी पुस्तकं. मूल सह्याद्री बघतं, त्याला कळतं, आवडतं, आणि पुस्तक उघडलं की तो धडा सापडत नाही.

मार्ग असा. गणितातल्या संकल्पना दोन्हीकडे सारख्याच आहेत, फक्त क्रम वेगळा. तेव्हा गणितासाठी सह्याद्रीचा धडा खुशाल सांगा आणि सोबत आपल्या पुस्तकातला पान क्रमांक द्या. मराठीसाठी तिकडचा धडा अवांतर श्रवण म्हणून ठेवा. परिसर अध्ययनात मात्र सरळ आपलं पुस्तक धरा. तिकडे चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. आपली मुलं तो डोळे मोठे करून बघतात. बघू द्या, पण पाठटाचणात तो मोजू नका. चंदनाचे धडे कन्नड विषयासाठी उपयोगी पडतात, आणि मोठ्या मुलांना विज्ञानातल्या प्रयोगांसाठीही, कारण प्रयोग डोळ्यांनी कळतो. कुठला शिक्षक कुठल्या विषयाची ही जुळणी करणार ते नावासह लिहा. सगळ्यांनी करायचं ठरवलं तर कुणीच करत नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी जोडीदार

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाई, बदली होऊन आलेले सर, महिनाभर कोविड ड्यूटीवर असलेले शिक्षक, आजारातून उठलेले. यांना बैठकीचा कागद देऊन “वाचून घ्या” म्हणणं पुरेसं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार द्या, शक्यतो शेजारच्या वर्गाचा, वयाने जवळचा. जोडीदाराने पहिल्या दिवशी तासभर सोबत बसायचं आणि तीन गोष्टी हातात द्यायच्या: मुलांची ताजी यादी, तीन रकान्यांचा कागद, आणि त्या वर्गात आतापर्यंत प्रत्यक्ष काय झालं त्याची अर्ध्या पानाची टीप. सरकारी नोंदवहीत लिहिलेलं नव्हे, प्रत्यक्ष झालेलं.

पहिल्या आठवड्यात त्यांना सॅट्सची (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीची) माहिती भरण्यासारखी कामं लावू नका. त्यांनी आधी आपल्या मुलांना फोन करावा. मुलांशी बोलणं झालं की बाकीचं आपोआप ध्यानात येतं.

निवडणुकीच्या ड्यूटीवरून आलेल्यांना एक दिवस उसंत द्या. १७ एप्रिल २०२१ ची बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक दुसऱ्या लाटेच्या तोंडावर झाली. मतदान केंद्रांवर शिक्षक होते, आणि परत आल्यावर कित्येकांना स्वतःच्या घरात वेगळं राहावं लागलं.

व्हॉट्सॲप ग्रुप

शाळेचे दोन ग्रुप करा. एकावर फक्त मुख्याध्यापक टाकतील, आदेश आणि तारखा. दुसऱ्यावर सगळे बोलतील. सुप्रभातची फुलं दुसऱ्यावर. पहिल्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेलं काहीही नको. टाकायचं ते स्वतः टाइप करून, तारखेसह, मराठीत. मोठा बदल असेल तर मेसेजपाठोपाठ फोन. रात्री नऊनंतर काही पाठवू नये, अगदी बीईओ कार्यालयातून रात्री दहाला आलं तरी. सकाळी सातला पाठवलेलं चालतं.

ज्यांच्या गावात रेंज नाही त्यांच्यासाठी ठरावीक वेळी फोन: रोज संध्याकाळी सहाला ते टेकडीवर येतील, तेव्हा मुख्याध्यापकांनी लावायचा. त्यांनी लावायचा नाही. त्यांचा बॅलन्स आणि त्यांची चढण आधीच खर्च झालेली असते.

एसडीएमसी आणि पालक

त्याच संध्याकाळी एसडीएमसीच्या अध्यक्षांना तीन रकाने वाचून दाखवा, म्हणजे गावात प्रश्न आला की शिक्षक आणि ते एकच सांगतील. पालकांसाठी चार ओळींची सूचना मोठ्या अक्षरात लिहून शाळेच्या फाटकावर, डेअरीवर आणि रेशन दुकानात लावा. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आलेला माणूस ती वाचतोच.

आठ दिवसांनी

पुढच्या सोमवारी पुन्हा बसा, अर्धा तास. या वेळी मुख्याध्यापकांनी काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं. गेल्या आठवड्यात न सापडलेल्या मुलांपैकी किती सापडली? कुठल्या पालकाने असा प्रश्न विचारला की उत्तर देता आलं नाही? कुठल्या आदेशाचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला? ठरवलेल्या दोन आठवड्यांच्या पाठांपैकी काय जमत नाही?

मग जुन्या कागदाचा तिसरा रकाना पाहा. ‘अजून ठरलेलं नाही’ मधलं जे ठरलं असेल ते तारखेसह पहिल्या रकान्यात हलवा, नवी प्रत काढा, आणि जुनी फाइलमध्ये लावा. पाचवीपर्यंतचे वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. तोपर्यंत ती ओळ तिसऱ्या रकान्यातच ठेवायची होती, आणि प्रत्येक बैठकीत ती तशीच मोठ्याने वाचायची होती.